गोल्डफिशला जठरच नसतं! मग त्याला खायला काय घालायचं? घरी बनणाऱ्या ‘जेल फूड’ची सगळी माहिती

क्रॉफर्ड मार्केटमधून असो किंवा घराजवळच्या ॲक्वेरियमच्या दुकानातून, गोल्डफिश घरी येतो तो ठरलेल्या थाटात. हवा भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात गोल गोल फिरणारे दोन केशरी मासे, कुणी सांगितलं म्हणून सोबत एखादा काळा, आणि दुकानदाराने दिलेलं लाल-हिरव्या दाण्यांचं पुडकं. “सकाळ-संध्याकाळ चार-चार दाणे टाका, बस्स.”

पहिले काही दिवस मजेत जातात. आजोबा सकाळी दाणे टाकतात, मुलं शाळेतून आल्यावर टाकतात, घरी आलेले पाहुणेही टाकतात. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की याला भूक लागली आहे. मग दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी तो तिरका पोहताना दिसतो. कधी शेपटी वर आणि डोकं खाली, कधी थेट पोट वर. आणखी काही दिवसांनी टाकी रिकामी होते. “गोल्डफिशचं आयुष्य तेवढंच असतं,” असं म्हणून विषय संपतो.

आयुष्य मात्र तेवढंच नसतं. ब्रिटनमधला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९५६ मध्ये एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता आणि तो १९९९ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी गेला. हे उदाहरण टोकाचं आहे, पण नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. तो लवकर मरतो त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात, खराब पाणी आणि चुकीचं खाणं. आणि ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

यातल्या खाण्याच्या प्रश्नावर जगभरातले गोल्डफिश पाळणारे लोक बऱ्याच वर्षांपासून एक घरगुती उपाय वापरतात. त्याला जेल फूड म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर भाज्या, थोडी कोळंबी आणि चायना ग्रास वापरून बनवलेली माशांची जेली. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्या स्वयंपाकघरातच असतात. पण ती का आणि कशी करायची हे कळलं नाही, तर जेलीमुळे फायद्याऐवजी टाकी घाण होण्याचीच शक्यता जास्त.

जठर नसलेला मासा

गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा. म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा नातेवाईक. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी साध्या करड्या-हिरवट माशांमध्ये अधूनमधून जन्मणारे पिवळे-केशरी मासे वेगळे ठेवायला सुरुवात झाली आणि त्यातून आजचा गोल्डफिश घडला.

या कुळातल्या माशांना आपल्यासारखं जठर नसतं. आपण जेवतो तेव्हा अन्न आधी जठरात साठतं, तिथल्या आम्लात घुसळलं जातं आणि मग हळूहळू आतड्यात उतरतं. गोल्डफिशमध्ये हा मधला टप्पाच नाही. घशात दाढांसारखे दात असतात, तिथे अन्न चिरडलं जातं आणि सरळ लांबलचक आतड्यात जातं. साठवायला कोठार नाही, त्यामुळे एका वेळी भरपूर खाऊन दिवसभर त्यावर काढणं त्याला जमत नाही. तळाशी फिरत राहायचं, चिखल-वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं शेवाळ, किडे, अळ्या, कुजलेली पानं निवडून गिळायची आणि बाकीचं थुंकून टाकायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. टाकीतले खडे तोंडात घेऊन बाहेर टाकणारा गोल्डफिश अनेकांनी पाहिला असेल. तो खेळत नसतो, जेवण शोधत असतो.

म्हणूनच तो कायम भुकेला दिसतो. काचेपाशी माणूस आला की खाणं येतं, हे तो फार पटकन शिकतो. त्याच्या त्या तोंड उघडण्यावर विश्वास ठेवून दाणे टाकत राहिलं की खाल्लेलं धड पचत नाही आणि अर्धवट पचलेलं पाण्यात येतं. शिवाय मासे शरीरातला नको असलेला नायट्रोजन बहुतांशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. जितकं जास्त खाणं, तितका जास्त अमोनिया. लहानशा काचेच्या बाउलमध्ये हा अमोनिया जायचा कुठे? तो त्याच पाण्यात राहतो आणि त्याच माशाचे कल्ले जाळतो.

आता तिरकं पोहण्याबद्दल. गोल्डफिशच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात हव्या त्या उंचीवर स्थिर राहतो. ही पिशवी एका बारीक नळीने अन्नमार्गाला जोडलेली असते. लांब सडपातळ गोल्डफिशला याचा फारसा त्रास होत नाही. पण ओरांडा, र्‍युकिन, रांचू, ब्लॅक मूर हे जे गोलमटोल, अंडाकृती मासे आपल्याला गोंडस वाटतात, त्यांचं शरीर माणसाने निवडून निवडून इतकं आखूड केलं आहे की आतड्यांना आणि हवेच्या पिशवीला पुरेशी जागाच उरलेली नाही. अशा माशाचं आतडं तुंबलं किंवा त्यात वायू साठला की तोल जातो.

तरंगणारे कोरडे दाणे गिळताना मासा हवाही गिळतो, त्यामुळे तो उलटा होतो, असं अनेक हौशी लोक सांगतात. हे प्रत्येक माशाच्या बाबतीत खरं असेलच असं नाही. तोल जाण्याची कारणं बरीच आहेत आणि त्याबद्दल पुढे येईलच. पण तळाशी चरणाऱ्या माशाला पृष्ठभागावरचं कडक, कोरडं खाणं घालण्यापेक्षा खाली बसणारं, मऊ, पाणीदार खाणं घालणं त्याच्या मूळ सवयीच्या जास्त जवळ जातं. जेल फूडची कल्पना इथूनच येते.

जेलीच का? नुसता उकडलेला मटार चालत नाही का?

चालतो. सालं काढलेला, उकडलेला मटार हा गोल्डफिशच्या बद्धकोष्ठतेवरचा प्रसिद्ध घरगुती उपाय आहे आणि एखाद-दोन दिवस तो द्यायला हरकत नाही. पण रोज नुसता मटार देणं म्हणजे माणसाला रोज नुसती काकडी देण्यासारखं आहे. गोल्डफिश मिश्राहारी आहे. त्याच्या खाण्यात, पाणी वगळून मोजलं तर, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. शिवाय स्निग्ध पदार्थ, खनिजं आणि जीवनसत्त्वंही हवीत.

मग भाजी, कोळंबी आणि जीवनसत्त्वं वाटून थेट पाण्यात टाकली तर? पाण्याचं सूप होईल. माशाच्या तोंडात जाण्याआधीच अर्धं खाणं विरघळेल, उरलेलं फिल्टरमध्ये जाईल. जेली इथे टोपलीचं काम करते. चायना ग्रास किंवा जिलेटिनचे लांब रेणू एकमेकांत अडकून एक जाळी बनवतात. त्या जाळीत पाणीही धरलं जातं आणि वाटलेल्या अन्नाचे कणही. मासा तुकडा तोडतो, घशातल्या दातांनी चिरडतो, तेव्हाच ते अन्न सुटं होतं.

दुसरा फायदा असा की यात काय जातं ते तुमच्या हातात असतं. स्वस्त पुडक्यातल्या दाण्यांमध्ये बऱ्याचदा पीठच जास्त असतं आणि पुडकं किती महिने दुकानात उघडं पडलं होतं हे कुणालाच माहीत नसतं.

जिलेटिन की चायना ग्रास?

परदेशी व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन वापरलेलं दिसतं. ते पाहून आपल्याकडे तसंच करायला गेलं की पहिली फजिती इथेच होते. जिलेटिन ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. लंडनमधल्या टाकीत हा प्रश्न येत नाही. पण मे महिन्यात जळगाव किंवा नागपूरच्या घरातल्या टाकीचं पाणी किती तापलेलं असतं ते आठवून पाहा. तिथे जिलेटिनचा तुकडा माशाने खाण्याआधीच सैल पडतो आणि पाणी गढूळ होतं.

चायना ग्रास, म्हणजेच अगर, याच्या बरोबर उलट वागतं. ते लाल समुद्री शेवाळापासून बनतं. भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असं शेवाळ मिळतं. अगर वितळायला पाणी जवळजवळ उकळावं लागतं, पण घट्ट मात्र ते ३२ ते ४० अंशांच्या दरम्यानच होतं. एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत पुन्हा वितळत नाही. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही तुकडा पाण्यात शाबूत राहतो. वर ते वनस्पतिजन्य आहे, त्यामुळे जिलेटिन घरात नको असेल तर तोही प्रश्न सुटतो.

जिलेटिनच्या बाजूने एक गोष्ट आहे. ते स्वतः प्रथिन आहे, अगर मात्र न पचणारा तंतू. पण जिलेटिनचं प्रथिन अपुरं असतं, त्यात एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. त्यामुळे त्याच्यासाठी जिलेटिन निवडण्यात फारसा अर्थ नाही. आणि कुणी हौसेने कच्ची पपई किंवा ताजं अननस घातलं, तर जिलेटिन घट्टच होणार नाही, कारण त्या फळांतली पाचकद्रव्यं प्रथिनं तोडतात.

आत काय घालायचं?

दोन-तीन लहान माशांसाठी पुढचं प्रमाण पुरेसं होतं. साफ केलेली कोळंबी २५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन-चार. उकडून सालं काढलेले मटार ४० ग्रॅम, जेमतेम अर्धी वाटी. पालकाची पाच-सहा पानं. गाजर किंवा लाल भोपळ्याचा एक छोटा तुकडा. गोल्डफिशचे चांगल्या प्रतीचे, खाली बसणारे दाणे १० ग्रॅम. अगर पावडर ३ ग्रॅम, साधारण दीड छोटा चमचा. आणि पाणी १०० मिली.

यादीत दुकानातले दाणे पुन्हा आलेले पाहून आश्चर्य वाटेल. पण घरगुती जेलीची सगळ्यात मोठी कमजोरी भरून काढायला तेच लागतात. चांगल्या कंपनीच्या दाण्यांमध्ये जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून मिसळलेली असतात. पालक-मटाराच्या जेलीत ती तशी नसतात. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि शिजवताना तेच सगळ्यात आधी नष्ट होतं. केवळ भाज्यांची जेली महिनोन् महिने घातली तर मासा दिसायला ठीक राहील, पण आतून कमकुवत होत जाईल. म्हणून दाण्यांची पूड हा या जेलीचा कणा समजायचा. ॲक्वेरियमच्या दुकानात माशांसाठीची जीवनसत्त्वांची पावडर मिळाली तर तीही डब्यावरच्या प्रमाणात घालता येते. माणसांच्या गोळ्या कुटून घालण्याचा प्रयोग टाळलेला बरा, त्यातलं प्रमाण साठ-सत्तर किलोच्या देहासाठी असतं.

कोळंबी शिजवूनच घ्यायची. ‘नैसर्गिक’ म्हणून कच्ची घालण्याचा मोह होतो, पण अनेक कच्च्या माशांमध्ये आणि शिंपल्यांमध्ये ब१ जीवनसत्त्व तोडणारं एक विकर असतं. फ्रीजरमध्ये ठेवल्याने ते जात नाही, शिजवल्यानेच जातं. शिवाय बाजारातल्या कच्च्या मासळीतून रोगजंतू थेट टाकीत जाण्याचा धोका वेगळाच. कोळंबीऐवजी बासा किंवा चिलापीसारखा कमी चरबीचा मासाही चालतो. सुकट वापरायची असेल तर बिनमिठाचीच हवी, वाळू निघेपर्यंत धुऊन आणि भिजवून घेतलेली. मटणाचे तुकडे मात्र नकोत. त्याची चरबी थंड पाण्यातल्या माशाच्या आतड्यात घट्टच राहते.

शाकाहारी घरात कोळंबी चालणार नसेल तर ती गाळून दाण्यांचं प्रमाण दुप्पट करता येतं आणि जोडीला अर्धा चमचा स्पिरुलिना पावडर घालता येते. त्या दाण्यांमध्ये बहुधा मासळीची पूड असतेच, हे लक्षात ठेवावं. घर शाकाहारी असलं तरी मासा नाही!

रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण फोटो टाकणाऱ्यांना त्याचीच जास्त काळजी असते. माशाचा केशरी-लाल रंग ज्या द्रव्यांमुळे दिसतो ती त्याला मुळात खाण्यातूनच घ्यावी लागतात. पालक, गाजर, भोपळा, स्पिरुलिना आणि कोळंबी यांत ती असतात. रंग फिका पडला असेल तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो. पण काही मासे वय वाढेल तसे आपोआप रंग बदलतात, काळ्याचे केशरी किंवा केशरीचे पांढरे होतात. तिथे कितीही गाजर घातलं तरी उपयोग नाही.

मीठ, तेल, हळद, मसाला, कांदा, साखर यातलं काहीही नको. हे सांगण्याची गरज नाही असं वाटेल, पण मिक्सरच्या ज्या भांड्यात काल हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला त्याच भांड्यात आज माशांची जेली वाटली जाते. भांडं गरम पाण्याने दोनदा धुऊन घ्या आणि साबणाचा अंश राहू देऊ नका.

आता कृती

मटार, गाजर आणि कोळंबी वेगवेगळं उकडून घ्या. कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. पालक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. मटारांची सालं काढायला कंटाळा येतो, पण काढा. हे सगळं मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा. मासे लहान असतील तर गंधासारखं गुळगुळीत हवं, मोठ्या माशांना थोडं जाडसर चालतं.

दाण्यांची वेगळी पूड करून बाजूला ठेवा. ती आत्ताच घालायची नाही.

एका छोट्या पातेल्यात १०० मिली थंड पाणी घेऊन त्यात अगर पावडर मिसळा, मग गॅसवर ठेवा. गरम पाण्यात थेट पावडर टाकली तर गुठळ्या होतात. उकळी आल्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत राहा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. चायना ग्रासच्या पट्ट्या वापरत असाल तर त्या आधी अर्धा तास भिजवून मग उकळाव्या लागतात आणि विरघळायला जास्त वेळ लागतो.

आता जिथे बहुतेकांची जेली बिघडते ती पायरी. वाटण फ्रीजमधून काढलेलं किंवा गार असेल आणि त्यावर उकळतं अगर ओतलं, तर ते स्पर्श होताच जागच्या जागी गोठतं आणि हातात येतात रबरासारखे दोरे. म्हणून वाटण आधी चांगलं गरम करून घ्या, मग अगरचं पाणी ओतून भराभर ढवळा.

गॅस बंद करा. मिश्रण हाताला सोसेल इतपत गरम, म्हणजे साधारण ५० अंशांवर येईपर्यंत ढवळत थांबा. अगर ४० अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे तुमच्याकडे फार थोडी मिनिटं असतात. त्या वेळातच दाण्यांची पूड आणि जीवनसत्त्वांची पावडर मिसळायची. आधी घातली तर उष्णतेने वाया जाते, उशीर केला तर मिसळतच नाही. पूड घालण्याआधी चमचाभर मिश्रण गार ताटलीत टाकून पाहा. मिनिटाभरात घट्ट झालं नाही तर थोडं अगर कमी पडलं आहे, आणि दुरुस्तीची वेळ हीच. चिमूटभर अगर थोड्या पाण्यात उकळून त्यात मिसळता येतं.

मिश्रण सपाट ताटात सेंटिमीटरभर जाडीचं ओता. फ्रीजचीही गरज नाही, खोलीच्या तापमानाला अर्ध्या तासात वडी पाडता येईल इतकं घट्ट होतं. मग सुरीने एक-एक सेंटिमीटरचे चौकोन कापा.

टाकीत टाकण्याआधी एक तुकडा ग्लासभर पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी स्वच्छ राहिलं तर काम फत्ते. पाणी हिरवट-गढूळ झालं आणि तुकडा विरघळायला लागला, तर ही जेली टाकीत घालू नका. पुढच्या वेळी अगर थोडं वाढवा किंवा पाणी कमी करा.

फ्रीजर आणि गावाला जाण्याचा प्रश्न

या प्रमाणात साधारण २०० ग्रॅम जेली होते, म्हणजे दोनशेच्या आसपास चौकोन. दोन माशांसाठी हे खूप आहे. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ती चार-पाच दिवस टिकते, बाकीची लगेच फ्रीजरमध्ये ठेवावी लागते. महिन्याभरात संपवलेली चांगली, कारण गोठवूनही जीवनसत्त्वं हळूहळू कमी होतच जातात. मासे पाळणारा एखादा मित्र असेल तर अर्धी त्याला द्यावी.

अगरची एक खोड इथे दिसते. गोठल्यावर आतल्या पाण्याचे स्फटिक जाळी फाडतात आणि तुकडा वितळताना पाणी सोडतो, थोडा स्पंजसारखा होतो. जपानमध्ये अगर सुकवण्यासाठी शेकडो वर्षं हीच युक्ती वापरली गेली आहे. रात्रीच्या थंडीत गोठू द्यायचं, दिवसा पाणी गळू द्यायचं. माशाला या तुकड्याचं वावडं नसतं. फक्त तो वाटीत वितळवून, सुटलेलं पाणी फेकून मग टाकीत घाला.

गणपतीला कोकणात जाताना किंवा दिवाळीत गावी जाताना मासे शेजाऱ्यांवर सोपवले जातात, तेव्हा या चौकोनांचा खरा उपयोग होतो. शेजारच्या काकू मायेने अर्धं पुडकं टाकीत रिकामं करतात आणि चार दिवसांनी पाणी दुधाळ झालेलं असतं. त्याऐवजी बर्फाच्या ट्रेमध्ये एका कप्प्यात एका दिवसाचं खाणं मोजून ठेवलं की चुकायला वावच राहत नाही. तीन-चार दिवसच जाणार असाल तर तेही नको. धडधाकट मोठा गोल्डफिश तेवढे दिवस उपाशी सहज राहतो.

किती द्यायचं?

इथे थोडं गणित आहे, पण सोपं. मोठ्या गोल्डफिशला दिवसाला त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के कोरडं खाणं पुरतं. म्हणजे २० ग्रॅमच्या माशाला ०.२ ते ०.४ ग्रॅम. दाण्यांमध्ये पाणी फारच कमी असतं, तर या जेलीत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे तेवढंच पोषण मिळायला जेली दाण्यांच्या साधारण सहापट द्यावी लागते. ०.२ ग्रॅमचे सहापट म्हणजे १.२ ग्रॅम. एक सेंटिमीटरच्या चौकोनाचं वजन साधारण एक ग्रॅम भरतं.

थोडक्यात, २० ग्रॅमच्या माशाला दिवसाला एक ते दोन चौकोन, दोन किंवा तीन वेळांत वाटून. एकाच वेळी सगळं टाकण्यापेक्षा बारीक तुकडे करून दिलेले चांगले, जठर नसल्याची गोष्ट आठवा. पंधरा मिनिटांनी तळाशी काही उरलं असेल तर जाळीने किंवा नळीने काढून टाका. जेली घट्ट असली तरी ती अन्नच आहे आणि उरलेलं अन्न कुजतंच.

थंडीत हे प्रमाण कमी करायचं. माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड होतं आणि पचनही त्याच वेगाने मंदावतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे किंवा विदर्भात हिटर नसलेल्या टाकीचं पाणी रात्री बरंच खाली जातं. तेव्हा मासा नेहमीपेक्षा कमी खातो, ते आजारपण नसतं.

जेली काय करू शकत नाही

मासा उलटा पोहायला लागला की लोक जेल फूडची कृती शोधायला लागतात, आणि बऱ्याचदा तिथेच चूक होते. खाणं सुधारून बरा होणारा मासा तो, ज्याचं आतडं तुंबलं आहे. लक्षणं साधारण अशी: पोट फुगलेलं, शेपटीमागे लांब दोऱ्यासारखी विष्ठा लटकलेली, बाकी मासा तरतरीत. त्याला एक-दोन दिवस उपास आणि मग जेली किंवा सोललेला मटार, एवढ्याने फरक पडू शकतो.

पण मासा तळाशी पडून असेल, पंख मिटलेले असतील, पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असेल, कल्ले लालबुंद दिसत असतील, तर संशय पाण्यावर घ्यायचा. ॲक्वेरियमच्या दुकानात अमोनिया तपासायचं किट मिळतं. गोल्डफिशच्या एका टाकीवर जेवढा खर्च होतो त्या मानाने ते महाग नाही. अमोनिया दिसला तर जेली बाजूला ठेवा, खाणं थांबवा आणि पाव ते अर्धं पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवून. आणि खवले उभे राहून मासा अननसासारखा दिसू लागला असेल तर तो आतल्या अवयवांचा आजार आहे, स्वयंपाकघरात त्यावर औषध नाही. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास असेल तर गाठावा.

फिल्टर नसलेला काचेचा गोल बाउल असेल तर मात्र उत्तम जेलीनेही फार काही साधणार नाही. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल बाउलमध्ये मासे ठेवण्यावर बंदीच घातली होती. आपल्याकडे तसा नियम येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. दोन गोल्डफिशसाठी शंभर लिटरच्या आसपासची टाकी आणि चालू फिल्टर, एवढं असेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे.

पहिल्या दिवशी मासा तोंडच लावत नाही

असं होतं, घाबरू नका. वर्षभर तरंगणारे लाल दाणे खाल्लेल्या माशाला तळाशी पडलेला हिरवा चौकोन म्हणजे जेवण आहे हे कळायला वेळ लागतो. तो तुकडा तोंडात घेईल, थुंकेल, पुन्हा घेईल, पुन्हा थुंकेल. पहिल्या आठवड्यात एका वेळेला नेहमीचे दाणे आणि दुसऱ्या वेळेला मुगाएवढे जेलीचे तुकडे द्या, ते थोडा भुकेला असेल तेव्हा, शक्यतो सकाळी. तुकडा बोटांत धरून पाण्याखाली सोडला तर बुडताना तो हलतो आणि हलणाऱ्या गोष्टीकडे मासा लवकर वळतो. तीन-चार दिवसांत बहुतेक मासे शिकतात. एकदा शिकला की तळाशी डोकं घालून, शेपटी वर करून तुकडे शोधत फिरतो. या वेळची वर गेलेली शेपटी मात्र काळजीची नसते.